जपानातली मराठा पलटण

देवळालीच्या छावणीत शिपाई दिसला की मला जपानात गेलेली मराठा पलटण आठवते. १९४६ मध्ये पराभूत जपानवर अंमल ठेवणाऱ्या ब्रिटिश राष्ट्रकुल फौजेत, थिमय्यांच्या ब्रिगेडमध्ये ती होती. सर्वाधिकार अमेरिकन सेनापती मॅकार्थर यांचे. स्वतः पारतंत्र्यातले जवान दुसऱ्याच्या देशावर पहारा देत होते! १९४७ मध्ये भारतीय फौज परतली. तोवर अमेरिका आणि रशिया वैरी बनले होते. १९५१ च्या सॅन फ्रान्सिस्को तहात जपानात परकी फौज ठेवण्याची मुभा होती; स्वतंत्र भारताने सही नाकारली. १९५२ मध्ये वेगळा तह करून युद्धाची भरपाईही सोडली. परका पहारा सोसलेल्याला दुसऱ्यावरचा पहारा कसा रुचावा?