वंशभेद : अर्थ, स्वरूप आणि साचेबंद प्रतिमांचे दुष्परिणाम

एखाद्या व्यक्तीची बुद्धी, चारित्र्य किंवा हक्क तिच्या वंशावरून, वर्णावरून अथवा कुळावरून ठरविणे आणि त्यानुसार तिला वागणूक देणे म्हणजे वंशभेद होय. त्वचेच्या रंगावरून होणारा वर्णद्वेष हा त्याचा सर्वांत परिचित प्रकार असला, तरी वंशभेदाची व्याप्ती त्याहून मोठी आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २१ डिसेंबर १९६५ रोजी वांशिक भेदभावाच्या निर्मूलनाचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला. वंश, वर्ण, कुळ, राष्ट्रीय किंवा वांशिक मूळ यांच्या आधारे केलेला जो भेद समान मानवी हक्कांना बाधा आणण्याच्या हेतूने केला जातो, किंवा ज्याचा परिणाम तसा होतो, तो भेदभाव ठरतो, असे हा करार सांगतो. यातील ‘परिणाम’ हा शब्द महत्त्वाचा आहे. ‘आमचा तसा उद्देश नव्हता’ एवढे म्हणून जबाबदारी संपत नाही. भारताने १९६८ मध्ये या करारास मान्यता दिली. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून राज्यसंस्थेने नागरिकांत भेदभाव करण्यास राज्यघटनेचा अनुच्छेद १५ त्यापूर्वीपासूनच मनाई करतो.

विज्ञानाचा निर्वाळा

मानवजातीची श्रेष्ठ आणि कनिष्ठ वंशांत विभागणी करण्यास जीवशास्त्रात आधार नाही. युनेस्कोने १९५० मध्येच वंशश्रेष्ठत्वाची कल्पना नाकारणारे निवेदन प्रसिद्ध केले होते. कोणत्याही दोन माणसांच्या जनुकीय रचनेत सुमारे ९९.९ टक्के साम्य असते. जो अल्प फरक आढळतो, त्याचाही बहुतांश भाग एकाच समूहातील व्यक्तींमध्ये असतो. तरीही समाजव्यवहारात ‘वंश’ प्रभावी ठरतो, कारण त्याचे बळ साचेबंद प्रतिमेत असते.

साचेबंद प्रतिमा

‘शितावरून भाताची परीक्षा’ अशी म्हण मराठीत आहे. एकाच भांड्यात शिजलेल्या भाताला ती लागू पडते. माणसांच्या समूहाला मात्र पडत नाही. एका व्यक्तीच्या वर्तनावरून, अनेकदा तर केवळ ऐकीव माहितीवरून, संपूर्ण समूहावर गुणदोषांचा शिक्का मारला जातो, तेव्हा साचेबंद प्रतिमा तयार होते. त्यानंतर त्या समूहात जन्मलेल्या प्रत्येकाला आपण तसे नाही, हे आयुष्यभर सिद्ध करीत राहावे लागते. पुराव्याचा भार आरोप करणाऱ्यावरून ज्याच्यावर आरोप आहे त्याच्यावर सरकतो, हीच या प्रतिमांची मूळ हानी आहे. भारताच्या इतिहासात आणि वर्तमानात तिची ठळक उदाहरणे आढळतात.

कायद्यात उतरलेला शिक्का

ब्रिटिश राजवटीने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. सुताराचा मुलगा सुतार होतो, तसा चोराचा मुलगा चोरच होणार, असा युक्तिवाद त्यामागे होता. या कायद्याखाली संपूर्ण जमात ‘गुन्हेगार’ म्हणून अधिसूचित करता येत असे. नोंद झालेल्यांना हजेरी द्यावी लागे आणि ठरवून दिलेली हद्द ओलांडण्यासाठी परवाना घ्यावा लागे. मुलांना आईवडिलांपासून वेगळे करण्याची तरतूदही पुढील दुरुस्त्यांद्वारे झाली. व्यक्तीने गुन्हा केला आहे की नाही, हा प्रश्नच गैरलागू ठरला; जन्म हाच पुरावा मानला गेला.

महाराष्ट्रातील पारधी, कैकाडी आदी समाजांनी याची झळ सोसली. सोलापुरात अशा जमातींना तारांच्या कुंपणात ठेवण्यासाठी उभारलेली वसाहत ‘सेटलमेंट’ याच नावाने ओळखली जाऊ लागली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती कायद्याच्या कचाट्यातून मुक्त झाल्या. तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. कायदा गेला, तरी संशय उरला. लक्ष्मण गायकवाड यांनी साहित्य अकादमी पुरस्कारप्राप्त आत्मकथनास ‘उचल्या’ हे शीर्षक दिले. समाजाने त्यांच्या जमातीला चिकटविलेले नावच त्यांनी वाचकांसमोर ठेवले.

ईशान्येकडील नागरिकांचा अनुभव

ईशान्य भारतातून शिक्षण व रोजगारासाठी महानगरांत येणाऱ्यांना चेहरेपट्टीवरून हिणकस नावांनी हाक मारली जाते, घर भाड्याने देताना अडवणूक होते आणि ‘तुम्ही कोणत्या देशाचे?’ असा प्रश्न विचारला जातो. स्वतःच्याच देशात नागरिकत्व सिद्ध करण्याची वेळ त्यांच्यावर येते. ऑगस्ट २०१२ मध्ये हल्ल्यांच्या अफवा पसरल्यानंतर बंगळूरु, पुणे आदी शहरांतून हजारो जणांनी रेल्वेने गावाची वाट धरली. पिढ्यान्‌पिढ्या परके ठरविले गेल्यामुळे अफवाही त्यांना खरी वाटली.

जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीच्या लाजपत नगर भागात अरुणाचल प्रदेशातील एका तरुण विद्यार्थ्याच्या केसांवरून टिंगल झाली. त्यातून वाद उद्भवला, त्याला मारहाण झाली आणि दुसऱ्या दिवशी त्याचा मृत्यू झाला. या घटनेनंतर केंद्र सरकारने एम. पी. बेजबरुआ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. वांशिक अवमान हा स्वतंत्र गुन्हा मानणाऱ्या तरतुदी दंड संहितेत समाविष्ट कराव्यात, तसेच ईशान्येचा इतिहास व संस्कृती शालेय अभ्यासक्रमात यावी, अशा शिफारशी समितीने केल्या. सर्वोच्च न्यायालयानेही डिसेंबर २०१६ मध्ये अशा प्रकारांवर देखरेख ठेवणारी यंत्रणा उभारण्याचे निर्देश दिले. तरीही २०२० मध्ये कोरोना साथीच्या प्रारंभी ईशान्येकडील नागरिकांना ‘कोरोना’ म्हणून हिणविण्यात आले आणि केंद्रीय गृह मंत्रालयाला राज्यांना कारवाईच्या सूचना द्याव्या लागल्या.

थट्टा आणि हिंसा

टोपणनाव, विनोद किंवा चित्रपटातील ठरावीक पात्र यांना अनेकदा निरुपद्रवी मानले जाते. प्रत्येक विनोदाचे पर्यवसान हिंसेत होत नाही, हे खरे. परंतु माणसाऐवजी शिक्का पाहण्याची सवय तेथेच जडते. तीच सवय घरमालकाच्या नकारात, नोकरीच्या मुलाखतीत, पोलिसांच्या संशयात आणि क्वचित जमावाच्या हातातील दगडात प्रकट होते.

म्हणूनच वंशभेदाचा प्रतिकार केवळ कायद्याने पूर्ण होत नाही. कायदा कृत्याला शिक्षा देऊ शकतो. समजुतीची तपासणी शाळा, प्रसारमाध्यमे आणि कुटुंब यांनाच करावी लागते. ‘ते लोक तसेच असतात’ असे वाक्य कानी पडताच ‘ते’ म्हणजे नेमके कोण आणि हे आपल्याला कसे कळले, एवढे दोन प्रश्न विचारले, तरी पुराव्याचा भार योग्य खांद्यावर परत जातो.