रेदीच्या बरण्या
सडक्या मांसांत किडे आपोआप उपजतात, अशी समजूत यूरोपांत शतकानुशतकें होती. इटलींतील वैद्य फ्रांचेस्को रेदी यानें इ. स. १६६८ मध्यें तिच्याविरुद्ध प्रयोग प्रसिद्ध केले. त्यानें मांसाच्या कांहीं बरण्या उघड्या ठेविल्या, कांहीं घट्ट मिटल्या. किडे उघड्यांतच पडले. परंतु मिटलेल्या बरणींत हवा खेळत नाहीं, हा आक्षेप उरलाच. म्हणून त्यानें तोंडावर तलम जाळीचें वस्त्र बांधलें. हवा आंत गेली, माश्या बाहेर राहिल्या. मांसांत किडा पडला नाहीं. पुढें पाश्चरनें सूक्ष्म जंतूंचीही अशीच परीक्षा घेतली. त्यावरून लिस्टरनें जखमा जंतुरहित राखण्याची पद्धति १८६७ सालीं मांडली, आणि असंख्य रोग्यांचे प्राण वांचले. आक्षेपाला वादानें नव्हे, प्रयोगानें उत्तर द्यावें, हाच जीवशास्त्राचा पहिला धडा होय.