भंडारा १९५४ : प्रतिनिधी कोणाला म्हणावे?

गोंदिया तालुक्यातील बिरसी हे गाव बाहेरच्या जगाला विमानतळामुळे ठाऊक आहे. इथली धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रज सरकारने बांधली. पुढे विस्तारासाठी गावकऱ्यांच्या जमिनी गेल्या आणि पुनर्वसनाचा प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळत राहिला. ज्यांची जमीन जाते त्यांना आपले म्हणणे कचेरीत आणि सभागृहात मांडणारा माणूस हवा असतो. तो माणूस कसा असावा? गोंदिया तालुका ज्या भंडारा जिल्ह्यात तेव्हा मोडत होता, त्या जिल्ह्याने या प्रश्नाचा एक मोठा धडा देशाला दिला आहे. आपल्या चळवळीने त्यातला पराभव तेवढा लक्षात ठेवला.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत भंडारा हा लोकसभेचा द्विसदस्य मतदारसंघ होता. एक जागा सर्वसाधारण, दुसरी अनुसूचित जातींसाठी राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते. पण दोन्ही मते एकाच उमेदवाराला देता येत नसत. सर्वसाधारण जागेवर काँग्रेसचे चतुर्भुज जसानी निवडून आले. त्यांच्या निवडीला आव्हान दिले गेले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचले. १५ फेब्रुवारी १९५४ रोजी न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी निकालपत्र दिले. हे न्यायमूर्ती नागपूरचेच.

न्यायालयापुढे दोन मुद्दे होते. पहिला जसानींच्या व्यवसायाचा. ते ज्या विडी कंपनीचे भागीदार होते, ती कंपनी सैनिकांसाठी सरकारला विड्या पुरवीत होती. सरकारशी असा करार असणारा माणूस निवडणुकीस अपात्र, असे लोकप्रतिनिधित्वाचा कायदा सांगत होता. जसानी अपात्र ठरले. यामागचे तत्त्व सरळ आहे : ज्याचा खिसा सरकारी कंत्राटात अडकला आहे, त्याचे कर्तव्य आणि त्याचा स्वार्थ एकमेकांवर आदळणारच. ज्या जिल्ह्यात हजारो हात विड्या वळून पोट भरतात, तिथे विडीच्याच कंत्राटावरून खासदारकी जावी, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

दुसरा मुद्दा राखीव जागेचा. गंगाराम थावरे यांचा अर्ज नामंजूर झाला होता. ते जन्माने महार. पण महानुभाव पंथात गेलेले. पंथात गेल्यावर ते महार राहिले नाहीत, सबब राखीव जागा लढवू शकत नाहीत, असा आक्षेप होता. न्यायालयाने तो मानला नाही. पंथाच्या संस्थापकाने जात नाकारली असली तरी अनुयायी व्यवहारात जात पाळत होते. थावरे यांना महार समाज आपलाच मानत होता; त्या समाजात त्यांचे लग्नसंबंध होत होते. म्हणून ते महारच आहेत, असा निर्णय झाला. चक्रधरस्वामींनी तेराव्या शतकात जात नाकारली आणि विसाव्या शतकात एका महाराला निवडणूक लढवता यावी म्हणून न्यायालयाला सांगावे लागले की जात सुटलेली नाही! या देशातल्या जातीचे याहून नेमके वर्णन कोणते?

निवडणूक रद्द झाली. दोन्ही जागांसाठी मे १९५४ मध्ये पोटनिवडणूक झाली आणि राखीव जागेवर बाबासाहेब उभे राहिले. १९५२ साली मुंबईत नारायण काजरोळकरांकडून त्यांचा पराभव झाला होता. ते राज्यसभेत होते. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता होते. सवर्ण मतदार आपले दुसरे मत बाबासाहेबांना देणार नाहीत, मग आपण तरी आपले दुसरे मत त्यांच्या उमेदवाराला का द्यावे, ते कुजवावे, असा कार्यकर्त्यांचा आग्रह होता. बाबासाहेबांनी साफ नकार दिला. मताच्या अधिकारासाठी आयुष्य वेचलेल्या माणसाने मत वाया घालवा असे सांगायचे कसे? ही आठवण आपल्या चळवळीत आजही सांगितली जाते. अशोक मेहता निवडून आले. बाबासाहेब काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून सुमारे आठ हजार मतांनी हरले.

या निकालाचा अर्थ कटू आहे. अस्पृश्यांचे प्रतिनिधित्व अस्पृश्यांनीच केले पाहिजे, असे बाबासाहेबांनी १९१९ साली साउथबरो समितीपुढे मांडले होते. १९३२ च्या पुणे करारानंतर उमेदवार आपला आणि मतदार सगळ्यांचा, अशी रचना आली. त्या रचनेत आपल्या समाजाचा सर्वात मोठा प्रतिनिधी आपल्यासाठीच राखलेल्या जागेवर हरू शकतो, हे भंडाऱ्याने सिद्ध केले. पुढच्याच वर्षी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने विधिमंडळातील राखीव जागा रद्द करा अशी मागणी केली, ती उगीच नव्हे. १९५६ च्या धर्मांतरानंतर तर बौद्धांना राखीव जागेचे दारच बंद झाले. अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश व्हायला १९९० साल उजाडले.

द्विसदस्य मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने गेले. गोंदिया जिल्हा १९९९ मध्ये वेगळा झाला. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने गावागावांत राखीव प्रभाग आले. तरीही भंडाऱ्यातले ते दोन प्रश्न आज ग्रामपंचायतीच्या उमेदवारालाही सुटलेले नाहीत. जातवैधता प्रमाणपत्र आहे काय? पंचायतीच्या कंत्राटात हितसंबंध आहे काय? कायदा एवढेच विचारू शकतो, आणि एवढे तरी त्याने विचारलेच पाहिजे. परंतु कागद पुरे असलेला माणूस प्रतिनिधी असतोच असे नाही. राखीव जागेवर बसलेला सदस्य ग्रामसभेत गप्प राहिला, सही कुठे करायची हे दुसऱ्याला विचारू लागला, तर जागा आपली आणि आवाज मात्र परका, अशी स्थिती होते.

तिसरा प्रश्न कोणत्याही अर्जात छापलेला नसतो. आपल्या फायद्यासाठी लोकांचा अधिकार कुजवणार नाहीस ना? भंडाऱ्याला बाबासाहेबांनी त्याचे उत्तर दिले आणि त्याची किंमतही मोजली. निवडणुकीला उभे राहणाऱ्या आपल्या तरुणांनी आणि त्यांचा प्रचार करणाऱ्या कार्यकर्त्यांनी अर्ज भरण्यापूर्वी हा प्रश्न स्वतःला विचारावा. मतदारांनी तो पाच वर्षे विचारत राहावे.