स्वयंभू संख्या

ज्या नैसर्गिक संख्येला एकही 'जनक' नाही ती स्वयंभू संख्या. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या तयार होते; मूळची संख्या ही नव्या संख्येची जनक. ४७ पासून सुरुवात केली तर ४७ + ४ + ७ = ५८, मग ७१, ७९, ९५, १०९, ११९ अशी क्रमिका वाढत जाते. १०१ ला दोन जनक आहेत, ९१ आणि १००. २० ला मात्र एकही नाही. एकअंकी संख्यांची दुप्पट होते, ती १८ पर्यंतच पोचते. १० ते १९ मधून फक्त विषम संख्या निघतात. आणि २० पासून पुढे उत्तर २२ किंवा त्याहून मोठेच येते.

पहिल्या स्वयंभू संख्या अशा: १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७, १०८, ११०, १२१. अकराच्या अंतराने शिस्तीत चाललेली ही रांग १०८ पाशी मोडते. कारण ९० ते ९९ आणि १०० ते १०९ या दोन्ही गटांतून विषम संख्याच मिळतात, त्यामुळे १०८ आणि ११० या दोन्ही समसंख्या सुटतात. स्वयंभू संख्या अनंत आहेत. ९ मध्ये ८८ मिळवले की ९७, त्यात ८०८ मिळवले की ९०५, त्यात ८००८ मिळवले की ८९१३. याच रीतीने पुढचीही प्रत्येक संख्या स्वयंभू निघते.

ही कल्पना देवळालीच्या शाळेतले शिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी १९४९ मध्ये मांडली. त्यांचा ६१७४ हा स्थिरांक अधिक गाजला; गणित म्हणून स्वयंभू संख्यांचे मोल त्याहून मोठे आहे. मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ च्या 'सायंटिफिक अमेरिकन'मधील आपल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिले आणि त्यांचे काम जगभर पोचले.

अंकांवरचे नियम संख्येपेक्षा ती लिहिण्याच्या पद्धतीवर अवलंबून असतात, हा आक्षेप जुना आहे. तो खराही आहे: दशमान पद्धतीत ४ चा जनक २ आहे, द्विमान पद्धतीत ४ स्वयंभू ठरते. ८७१२ ही २१७८ च्या चौपट आहे, अशा गमतींना गणितज्ञ जी. एच. हार्डी यांनी १९४० मध्ये गंभीर गणितातून वगळले होते. पण स्वयंभू संख्यांची व्याख्या कोणत्याही पायात करता येते आणि त्यांच्याविषयी प्रमेये सिद्ध होतात, म्हणून त्यांना तो निकष लावणे अन्यायाचे आहे. नील स्लोन यांनी सुरू केलेल्या पूर्णांक क्रमिकांच्या ऑनलाइन कोशात ही क्रमिका 'ए००३०५२' या क्रमांकाने नोंदलेली आहे.