मास्टर विठ्ठल : मूक साहसपटाचा नायक आणि बोलका पडदा

अमेरिकेत दूरचित्रवाणीचा प्रसार झाल्यावर तेथील घरोघरी ज्या नायकाने प्रवेश केला, तो घोड्यावर बसलेला, कमरेला पिस्तूल लावलेला व अन्यायाविरुद्ध एकाकी लढणारा वीर होय. 'गनस्मोक' ही अशीच एक 'वेस्टर्न' मालिका १९५५ पासून १९७५ पर्यंत चालली. मुंबईत दूरचित्रवाणी केंद्र सुरू झाले ते १९७२ मध्ये; त्यामुळे या प्रकारच्या नटाचे मराठी प्रतिरूप दूरचित्रवाणीवर शोधणे व्यर्थ ठरते. ते शोधावयाचे झाल्यास १९२० नंतरच्या दशकातील मूक साहसपटांकडे वळावे लागते. घोडा तोच, पिस्तुलाच्या जागी तलवार, आणि ओसाड माळाच्या जागी किल्ल्याचा तट, एवढाच काय तो फरक. या साहसपटांचा अग्रगण्य नायक म्हणजे मास्टर विठ्ठल.

विठ्ठल यांच्या चरित्राचा एक सांकेतिक सारांश चित्रपटविषयक लेखनात रूढ झाला आहे. मूकपटांत ते अजिंक्य होते, बोलपट आला, त्यांना उर्दू नीट बोलता येईना, आणि त्यांचे तेज ओसरले, असा तो सारांश. यातील घटना खोट्या नाहीत. परंतु त्यांतून काढला जाणारा निष्कर्ष तपासून पाहण्याजोगा आहे.

विठ्ठल यांचा कलाजीवनातील प्रारंभ रंगभूमीवर झाला. बालनट म्हणून ते राजापूरकर नाटक मंडळीत होते. पुढे कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत ते आले आणि 'कल्याण खजिना' (१९२४) या चित्रपटात नर्तकीच्या भूमिकेत प्रथम पडद्यावर दिसले. पुरुषाने स्त्रीभूमिका करण्यात त्या काळी नवल नव्हते. फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) मध्ये तारामतीची भूमिका अण्णा साळुंके यांनी केली होती, आणि मराठी रंगभूमीवर तर तो संकेत सर्वमान्य होता. येथे लक्षात ठेवावयाची गोष्ट ही की, विठ्ठल हे प्रथमतः मुके नट नव्हते. मराठी नाटक मंडळीत वाढलेल्या मुलास वाणीचे संस्कार अपरिहार्यपणे मिळत असत.

कोल्हापुरातून ते मुंबईस गेले. भोगीलाल दवे व नानुभाई देसाई यांनी १९२५ मध्ये काढलेल्या शारदा फिल्म कंपनीत 'रतन मंजिरी' (१९२६) या चित्रपटापासून ते नायक झाले. शारदा कंपनीचा भर साहसपटांवर होता. डग्लस फेअरबँक्स यांचा 'थीफ ऑफ बगदाद' (१९२४) भारतात विलक्षण लोकप्रिय ठरला होता. विठ्ठल यांस 'भारताचा फेअरबँक्स' हे बिरुद मिळाले, त्यामागे ही पार्श्वभूमी आहे. तलवारीचे द्वंद्व, उंचावरून झेप, घोडदौड ही त्यांची भाषा होती, आणि त्या भाषेस भाषांतर लागत नव्हते. मूकपटातील संवाद पडद्यावर लिखित पाट्यांच्या रूपाने येत, आणि त्या एकाच वेळी दोन-तीन लिप्यांत असत. निरक्षरांसाठी प्रेक्षकांतलाच कोणी त्या मोठ्याने वाची. नट मराठी, मालक गुजराती, पाटी उर्दूत आणि प्रेक्षक कोणताही, अशी ही व्यवस्था होती. नटाची मातृभाषा कोणती, हा प्रश्नच तीत उद्भवत नसे.

तो प्रश्न उद्भवला १९३१ मध्ये. अर्देशिर इराणी यांनी 'आलम आरा' या पहिल्या भारतीय बोलपटासाठी नायक म्हणून विठ्ठल यांची निवड केली. त्यांच्या नावावर प्रेक्षक येतील, हा हिशेब त्यामागे उघड होता. शारदा कंपनीने करारभंगाचा दावा लावला. त्यात विठ्ठल यांची बाजू मुहंमद अली जिना यांनी मांडली आणि निकाल विठ्ठल यांच्या बाजूने लागला. लोकप्रिय नायकाचे रूप कोणाच्या मालकीचे, हा वाद पुढे इतरत्रही उपस्थित झालेला दिसतो. 'लोन रेंजर' या वेस्टर्न मालिकेचे नायक क्लेटन मूर यांना १९७९ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने आपला सुप्रसिद्ध मुखवटा सार्वजनिक ठिकाणी घालण्यास मनाई झाली होती. देह नटाचा, पण त्या देहावर उभा राहिलेला नायक कंपनीचा, अशी मालकांची भूमिका दोन्हीकडे आढळते. विठ्ठल यांनी हा झगडा जिंकला. दुसरा झगडा न्यायालयाच्या कक्षेबाहेरचा होता.

'आलम आरा' १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात प्रदर्शित झाला. जोसेफ डेव्हिड यांच्या पारशी रंगभूमीवरील नाटकावर तो आधारलेला होता. साहजिकच त्याची वाणीही त्या रंगभूमीची, म्हणजे उर्दूप्रचुर हिंदुस्तानी होती. विठ्ठल यांचे उर्दू उच्चार सदोष असल्याने त्यांचे पात्र बराच काळ गुंगीत असल्याचे दाखवून संवाद कमी करण्यात आले, असे चित्रपटाच्या इतिहासांत नमूद आहे. त्याच चित्रपटात पृथ्वीराज कपूर होते, आणि त्यांचा उत्कर्ष मात्र बोलपटातच झाला. 'आलम आरा'ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. त्यामुळे हे उच्चार प्रत्यक्ष ऐकून तपासण्याचा मार्ग बंद झाला आहे. तथापि, मराठी भाषकास अडचण कोठे येते हे ध्वनिविचाराच्या आधारे सांगता येते. उर्दूतील क़, ख़, ग़ हे घर्षक व कंठमूलीय ध्वनी प्रमाण मराठीत नाहीत. मराठीत 'ज' चे दोन उच्चार आहेत, एक 'जग' मधील व दुसरा 'जागा' मधील. परंतु त्यांपैकी कोणताही उर्दू 'ज़' शी तंतोतंत जुळत नाही. म्हणजे हा दोष व्यक्तीच्या आळसाचा नव्हता. मातृभाषेची ध्वनिव्यवस्था तेथे बोलत होती.

ही बाब व्यक्तीपेक्षा प्रदेशाशी अधिक निगडित आहे, हे पाहण्यासाठी जालन्याकडे दृष्टी टाकणे उपयुक्त ठरेल. आजचा जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. १९३१ मध्ये तो प्रदेश निजामाच्या राज्यात होता. तेथे कारभाराची भाषा उर्दू होती, आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचे माध्यमही उर्दूच होते. घरी मराठी बोलणाऱ्या जालन्याच्या माणसास कचेरीत, शाळेत व बाजारात उर्दू किंवा दखनी कानी पडे. कोल्हापूर संस्थानात वाढलेल्या मुलास असा प्रसंग क्वचितच येई. अर्थात जालन्याच्या बाजारातील दखनीही पारशी रंगभूमीच्या कसोटीस उतरली नसती, कारण दखनीत 'क़' चा उच्चार सामान्यतः 'ख़' सारखा होतो. एकाच मराठी भाषेचे भाषक असूनही राजकीय सीमेच्या अलीकडील व पलीकडील माणसाचे कान वेगळे घडले होते, आणि बोलपटाने त्या भेदास अकस्मात बाजारभाव आणून दिला.

तरीही उच्चारदोष हे संपूर्ण कारण मानता येत नाही. याला दोन पुरावे आहेत. रूबी मायर्स ऊर्फ सुलोचना या मूकपटांतील तारकेलाही हिंदुस्तानी येत नव्हती. त्यांनी काही काळ काम थांबवून ती भाषा शिकून घेतली आणि 'माधुरी' (१९३२) मधून त्या परतल्या. दुसरा पुरावा अधिक बोलका आहे. ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या मेरी एव्हान्स ऊर्फ नादिया यांचे हिंदी उच्चार परके होते. तरी वाडिया मूव्हिटोनच्या 'हंटरवाली' (१९३५) पासून त्या साहसपटांच्या सम्राज्ञी ठरल्या. मग विठ्ठल यांनाच जीभ का आडवी आली?

याचे उत्तर यंत्रात व कथावस्तूत शोधावे लागते. आरंभीच्या बोलपटात ध्वनिग्राहक लपवून ठेवावा लागे व नटाला त्याच्या आसपास स्थिर राहून बोलावे लागे. बाहेरचा आवाज टाळण्यासाठी 'आलम आरा'चे चित्रण बहुतांशी रात्री करावे लागले. नाटकावरून घेतलेली कथा, सात गाणी आणि स्थिर नट, यांत झेपेला जागाच नव्हती. ध्वनिग्राहकाने एकाच वेळी दोन गोष्टी केल्या : नटाची जीभ तोलली आणि त्याचा देह बांधला. नादियांच्या वेळी, अवघ्या चार वर्षांनी, देह पुन्हा मोकळा झाला होता आणि कथा त्याच्याभोवती रचली जात होती. म्हणून त्यांची जीभ क्षम्य ठरली. विठ्ठल यांच्या वाट्याला नेमका तो मधला काळ आला, ज्यात बोलता येणे हाच चमत्कार होता.

त्यांच्या उत्तरकालाने या मताला पुष्टीच मिळते. १९३२ मध्ये प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'ने मराठी बोलपटाचे युग सुरू केले, आणि विठ्ठल यांना पुढील दशकांत मराठी चित्रपटांत, विशेषतः भालजी पेंढारकर यांच्या परंपरेतील ऐतिहासिक चित्रपटांत, काम मिळत राहिले. भूमिका हळूहळू नायकाकडून दुय्यम पात्रांकडे सरकल्या हे खरे. परंतु ते वयानेही घडते. ज्या नटास 'बोलता येत नाही' असे ठरविण्यात आले, तो मराठीत बोलून अनेक वर्षे पडद्यावर राहिला. १९६९ मध्ये त्यांचे निधन झाले.

तेव्हा उणीव नटाच्या वाणीत होती, असे म्हणण्यापेक्षा ज्या बाजारात ती वाणी मोजली गेली त्या बाजाराचे माप मराठी नव्हते, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल. मुंबईच्या निर्मात्याला सर्व देशभर चालणारी भाषा हवी होती, आणि ती हिंदुस्तानी होती. मूकपटाने मराठी नटास अखिल भारतीय नायक केले होते. बोलपटाने त्याला त्याच्या प्रांतात परत पाठविले. भारतात तयार झालेल्या सुमारे १३०० मूकपटांपैकी अत्यल्प आज शिल्लक आहेत, आणि त्यामुळे विठ्ठल यांचे मूळ सामर्थ्य पाहण्याचे साधनही जवळजवळ नष्ट झाले आहे. त्यांच्याविषयी टिकून राहिली ती मुख्यतः उच्चारदोषाची कथा. नटांच्या चरित्रांचा अभ्यास करताना त्यांच्या भूमिकांच्या यादीबरोबरच त्यांच्या मातृभाषेची, प्रदेशाची व करारपत्रांची छाननी का आवश्यक आहे, हे या एका उदाहरणावरून पुरेसे स्पष्ट व्हावे.