तीन वेळा अनारकली

सुलोचना म्हटलं की आपल्याला आठवतात त्या सोशिक आईच्या भूमिकेतल्या सुलोचनादीदी. पण त्यांच्याही आधी एक सुलोचना होऊन गेली. खरं नाव रूबी मायर्स. जन्म १९०७ चा, पुण्याचा, बगदादी ज्यू कुटुंबातला. गंमत बघा, सिनेमात येण्याआधी ती टेलिफोन ऑपरेटर होती! आवाजावर पोट भरणारी ही मुलगी मोठी झाली ती मात्र मुक्या पडद्यावर.

अर्देशीर इराणींच्या इंपीरियल कंपनीची ती सगळ्यात मोठी तारका. 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे'मध्ये (१९२७) तिने एकटीने आठ भूमिका केल्या. पोलिस काय, हैदराबादी गृहस्थ काय! मूकपटात हे चालून जायचं. नटाची भाषा कुठली, हा प्रश्नच नव्हता. संवाद पाट्यांवर यायचे, तेही दोन-तीन भाषांत.

मग १४ मार्च १९३१ ला गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला. बोलपट काढला इंपीरियलनेच, पण नायिका झाली झुबेदा. सुलोचनाचं हिंदुस्तानी कच्चं होतं ना! कालपर्यंत जिच्या नावावर तिकिटं खपत, तिला आता उच्चारांची अडचण.

तिने काय करावं? काम थांबवलं आणि सरळ भाषा शिकायला बसली. १९३२ ला परतली ती 'माधुरी' घेऊन. हा तिच्याच मूकपटाचा बोलपट होता. पुढेही तेच. 'इंदिरा बी.ए.'ची १९३४ मध्ये 'इंदिरा एम.ए.' झाली (बढतीच म्हणायची!), 'वाइल्डकॅट'ची १९३६ मध्ये 'बंबई की बिल्ली' झाली.

मला सगळ्यात भावते ती 'अनारकली'. १९२८ मध्ये ती मुकी अनारकली होती. १९३५ मध्ये तीच भूमिका तिने बोलून दाखवली. मेलोड्रामात नुसते डोळे भरून येऊन आता भागत नव्हतं, त्या रडण्याला शब्दही हवे होते. आणि १९५३ च्या 'अनारकली'त नायिका बीना राय, तर सुलोचना सलीमची आई, जोधाबाई. एकेकाळची आपली भूमिका दुसरीला करताना तिने सेटवर उभं राहून पाहिली असेल. काय वाटलं असेल तिला?

१९७३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार तिला मिळाला, १९८३ मध्ये ती गेली. भारतातले बहुतेक मूकपट आज उरलेले नाहीत. म्हणजे जिथे ती खरी राणी होती, तेच राज्य आपल्याला बघायला मिळत नाही. ५३ ची 'अनारकली' मात्र आहे. पुन्हा पाहिलीत, तर गाण्यांच्या अधेमधे जोधाबाईकडेही जरा लक्ष द्या.