मंद स्टार्टर आणि ओहमचा नियम

१९३२ साली जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले. त्या काळी छोट्या विमानाचे इंजिन सहसा पंखा हाताने फिरवून चालू करीत. त्यात जिवाला धोका असे. मोटारगाडीला विजेचा स्टार्टर १९१२मध्येच मिळाला होता. पुढे तो विमानातही रुळला. तो मंद फिरू लागला की खापर त्याच्यावरच फुटते. पण ओहमने १८२७मध्ये मांडलेला नियम लावून पाहा. २०० अँपिअर प्रवाह वाहताना गंजलेल्या जोडाचा अवघा ०.०१ ओहम रोध बॅटरीच्या १२ व्होल्टांपैकी २ व्होल्ट खातो! म्हणून महागडा स्टार्टर बदलण्याआधी बॅटरी सोडवून जोड स्वच्छ करावेत, आवळावेत. धडगावच्या घाटात अडलेल्या जीपलाही हाच नियम लागू पडतो. वर्गात हे गणित अवश्य घालावे.